सर्व्हे नंबरचा जनक : हेन्री गोल्डस्मिड

पणदरे, सुपे, इंदापूर या पट्ट्यात जमिनीचा व्यवहार ठरला की आधी नंबर विचारला जातो, मग आकार. हा नंबर आणि हा आकार ज्या पद्धतीतून आले, ती १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात आकाराला आली. तिचा प्रमुख शिल्पकार, कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड, तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता.

गोल्डस्मिडचा जन्म १८१२ चा. हेलिबरीच्या महाविद्यालयात शिकून तो १८३२ मध्ये मुंबई इलाख्यात दाखल झाला. त्या वेळी इंदापूरची स्थिती दयनीय होती. पावसाचा भरवसा नाही, आणि त्यात प्रिंगल या अधिकाऱ्याची सारा आकारणी १८३० पासून लागू झालेली. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करून उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारचे, असे तिचे सूत्र. विलायतेतील अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते शोभून दिसत असेल; पण मोजणी चुकीची, कनिष्ठ नोकर लाचखाऊ आणि धान्याचे भाव उतरलेले. सारा झेपेना तेव्हा कित्येक रयतांनी जमिनी टाकून शेजारच्या निजामाच्या मुलखाची वाट धरली.

गोल्डस्मिडने लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या जोडीने नवे काम हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबाचा नाद त्यांनी सोडून दिला. जमिनीचा रंग, पोत आणि मातीची खोली पाहून नऊ प्रती ठरवल्या आणि प्रत्येकीचे मोल आण्यांत बसवले. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस फूट चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने जमिनीचे सरळ रेषांत चौकोन पाडले गेले होते. इथे एका बैलजोडीला वाहता येईल एवढे शेत हा नंबराच्या आकाराचा आधार होता. सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. दरम्यान रयतेने विहीर खणली तरी त्यावर वाढीव आकार नाही.

सर्वांत मोठा बदल मात्र हक्काचा होता. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद मागे पडून दोघेही खातेदार झाले. सारा भरला जाईल तोवर जमीन वारसांना देता येई, विकता येई, गहाणही टाकता येई. इंदापुरात पडीक राने पुन्हा लागवडीखाली आली. पुढे भीमथडी तालुक्यात आणि हळूहळू सर्व इलाख्यात हीच पद्धत गेली. वऱ्हाड आणि म्हैसूरनेही ती उचलली. गोल्डस्मिड १८५४ मध्ये मुंबई सरकारचा मुख्य सचिव झाला. जानेवारी १८५५ मध्ये कैरो येथे त्याचे निधन झाले, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. मोजणी सुरू झाली त्या ठिकाणाजवळ, डिकसळ येथे, त्याच्या स्मरणार्थ विश्रामगृह आणि घड्याळाचा मनोरा उभारण्यात आला. १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी ते खुले केले. त्याच वर्षी या मोजणी पद्धतीला कायद्याचे रूप मिळाले.

विकता येणारी जमीन सावकाराला तारण म्हणूनही हवीशी झाली, ही या सुधारणेची दुसरी बाजू गोल्डस्मिडला पाहावी लागली नाही. तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा बराच वाढला, कापसाचा तेजीचा काळ ओसरला आणि दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी शेते सावकारांच्या नावे चढू लागली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार दिला. १९०१ मध्ये सरकार आणखी पुढे गेले. काही जमिनी देतानाच परवानगीशिवाय हस्तांतर करायचे नाही, अशी नवी शर्त घालण्याची तरतूद झाली. ती शर्त अनेक सातबाऱ्यांवर आजही दिसते आणि तिच्यापायी व्यवहार अडला की खातेदाराला तहसील कचेरीची पायरी चढावी लागते.