बेगम रुकैया सखावत हुसेन : इल्म, कलम आणि हक्क



मुलगी सातवी-आठवी झाली की आपल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. शाळा लांब आहे, जाण्यायेण्याची सोय नाही, जमाना चांगला नाही, आणि एवढे शिकून शेवटी तिला चूलच सांभाळायची आहे ना? हे प्रश्न तुम्ही ऐकले असतील, कदाचित स्वतः विचारलेही असतील. परंतु ते आजचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका मुस्लिम विधवेने हे सारे प्रश्न एकेक करून ऐकले आणि त्यांची उत्तरे भाषणांपेक्षा कृतीने दिली. त्या थोर बाईंचे नाव बेगम रुकैया सखावत हुसेन. बंगाली लोक त्यांना बेगम रोकेया म्हणतात. त्यांची जीवनकहाणी आपल्या समाजातील प्रत्येक आईबापाला आणि प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

बालपण व चोरून घेतलेली तालीम

रुकैयांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. घराणे जमीनदाराचे, वडील अनेक भाषा जाणणारे. मुलांना त्यांनी कलकत्त्याला इंग्रजी शिक्षणासाठी पाठविले. मुलींना मात्र कुराणशरीफचे पठण आणि थोडी उर्दू-फारसी एवढेच पुरेसे मानले. बंगाली ही त्या मुलखाची बोली, पण खानदानी मुसलमान मुलीने ती वाचणे कमीपणाचे समजले जाई. मग इंग्रजीची गोष्टच नको!

त्या घरातला गोषा किती कडक होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. वयाच्या पाचव्या वर्षापासून या मुलीला पुरुषांपासूनच नव्हे, तर घरी येणाऱ्या परक्या बायकांपासूनही लपावे लागे. कोणी बाई अंगणात आली की ही चिमुरडी जीव मुठीत धरून स्वयंपाकघरात, पलंगाखाली, सापडेल त्या कोपऱ्यात दडून बसे. एकदा कलकत्त्याला पाहुण्या मोलकरणी घरात होत्या म्हणून तिला माळ्यावरच्या खोलीत दिवसचे दिवस लपून राहावे लागले. घरातला एक लहान मुलगा आठवण झाली तर तिला खायला नेऊन देई, विसरला तर ती उपाशी राही.

अशा घरात तिला दोन आधार मिळाले. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बंगालीची गोडी लावली. थोरले बंधू इब्राहीम साबेर यांनी इंग्रजी शिकविले. दिवसा शिकणे शक्यच नव्हते. रात्री घरातले सारे झोपले की भाऊबहीण मेणबत्ती लावून पुस्तक उघडीत. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी धाकटी बहीण असेल तर या इब्राहीमभाईंची आठवण ठेवा. त्यांनी मोठी चळवळ उभारली नाही की देणगी दिली नाही. रोज रात्री थोडी झोप मोडली, एवढेच. पण त्या एका मेणबत्तीच्या उजेडातून पुढे हजारो मुलींना वाट दिसली.

संसार व लेखन

१८९८ साली रुकैयांचा निकाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते वयाने बरेच मोठे, विधुर आणि उर्दूभाषिक होते. पण मनाने मोठे उदार. पत्नीला इंग्रजीत पुढे नेण्याचे काम त्यांनी आनंदाने अंगावर घेतले. तिने लिहावे, लिहिलेले छापावे, असा त्यांचाच आग्रह असे.

१९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी महिला मासिकात रुकैयांची ‘सुल्तानाज ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध झाली. पती दौऱ्यावर असताना वेळ घालविण्यासाठी त्यांनी ती लिहिली होती. परत आल्यावर सखावत हुसेन यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि पुरुषांवर चांगलाच सूड उगवला आहे, असे हसत हसत सांगितले.

काय होते त्या कथेत? एका स्वप्नातल्या देशात राज्यकारभार स्त्रिया चालवितात आणि पुरुष घरात गोषात बसतात. तेथील राणीने मुलींसाठी शाळा आणि विद्यापीठे काढली आहेत. त्या विद्यापीठांतील विदुषी सूर्याची उष्णता साठवितात, त्यावर अन्न शिजवितात, ढगांतून पाणी काढतात. शत्रू चालून येतो, पुरुषांची फौज हरते, तेव्हा याच विदुषी साठविलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडून देश वाचवितात. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्या पोटी मोठा विचार आहे. त्या काळी हिंदुस्थानात कोणत्याही स्त्रीला कायदेमंडळासाठी मत देण्याचा हक्क नव्हता. अशा वेळी गोषातली एक तरुणी स्त्रीला राज्यकर्ती म्हणून रंगविते आणि तिची सत्ता तलवारीवर न ठेवता विद्यापीठावर उभी करते, हे ध्यानात घ्या. आधी इल्म आणि मग हक्क, हा क्रम रुकैयांनी तेव्हाच ओळखला होता.

पण सुख फार दिवस लाभले नाही. दोन मुली झाल्या आणि तान्ह्या असतानाच अल्लाला प्यार्‍या झाल्या. पतीला मधुमेहाने ग्रासले, त्यात त्यांची दृष्टी गेली. रुकैयांनी त्यांची मनोभावे सेवा केली. १९०९ साली सखावत हुसेन यांचा इंतकाल झाला. जाण्यापूर्वी मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १०,००० रुपये बाजूला काढून ठेवले होते.

शाळा

पतीच्या निधनानंतर काही महिन्यांतच रुकैयांनी भागलपूर येथे पतीच्या नावाने शाळा काढली. विद्यार्थिनी अवघ्या पाच! पण सासरच्या मालमत्तेवरून तंटे उभे राहिले आणि त्यांना ते गाव सोडावे लागले. दुसरी कोणी असती तर खचून गेली असती. रुकैया कलकत्त्यास आल्या आणि १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला गल्लीतील भाड्याच्या जागेत त्यांनी शाळा नव्याने सुरू केली. या वेळी मुली होत्या आठ.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या बाईंनी ही शाळा काढली, त्या स्वतः एक दिवसही शाळेत गेल्या नव्हत्या! वर्ग कसा भरवितात, वेळापत्रक कसे आखतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्या शहरातल्या इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसू लागल्या आणि पाहून पाहून शिकल्या. मी स्वतः शिक्षक आहे. बी.एड.ची पदवी हाती असूनही वर्ग सांभाळताना आमची तारांबळ उडते. त्यामुळे या बाईंच्या जिद्दीपुढे मान आपोआप लवते.

मुली मिळविण्यासाठी त्या बुरखा घालून घरोघर गेल्या. तरुण विधवा मिरविण्यासाठी शाळा काढते, असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. शाळेत कुराणशरीफ अर्थासह शिकविले जाई. त्याबरोबर भाषा, गणित, शिवणकाम, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा आणि व्यायामही असे. १९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली.

बसची गोष्ट

पालकहो, आता सांगतो ती हकीकत जरा लक्ष देऊन ऐका. पालकांची मुख्य अट होती ती गोषाची. मुलगी घरातून शाळेत येताना कोणाच्या नजरेस पडता कामा नये. म्हणून शाळेने एक बस अशी बंदिस्त करून घेतली की तिच्यात वाऱ्यासाठी पुढे-मागे वीतभर जाळीखेरीज काही नव्हते. आत मिट्ट काळोख. पहिल्याच दिवसांत मुली रडू लागल्या, कोणाला उलट्या झाल्या, कोणी बेशुद्ध पडली. साहजिकच पालकांच्या तक्रारी आल्या. मग जाळ्या उघडून त्यांवर पडदे लावले. आता पडदे वाऱ्याने उडू लागले! लगेच पत्रे आली. काही निनावी, काही सह्यांची. पडदे उडतात, बेपर्दगी होते, दुसरी व्यवस्था झाली नाही तर वर्तमानपत्रांत शाळेची बदनामी करू आणि मुली पाठविणे बंद करू, असा त्यांचा मजकूर. बस बंद ठेवली तर मुली गुदमरतात आणि उघडली तर शाळाच बंद पडते. अशा कात्रीत सापडलेल्या या बाईंनी काय सोसले असेल, याचा विचार करा.

तरीही त्यांनी शाळा बंद केली नाही आणि पालकांशी भांडणही मांडले नाही. त्या स्वतः शेवटपर्यंत बुरखा वापरीत. शालीनता वेगळी आणि कोंडमारा वेगळा, हा फरक त्यांनी आयुष्यभर सांगितला. इस्लामने स्त्रीला वारसा, मेहेर, निकाहातील संमती आणि इल्म यांचे हक्क दिले. ते हक्क रूढीने काढून घेतले, दीनने नव्हे, अशी त्यांची ठाम धारणा होती.

कोंडमाऱ्याच्या हकीकती त्यांनी १९३१ साली ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात एकत्र केल्या. त्यांतली एक वाचून अंगावर काटा येतो. त्यांच्या नात्यातली एक बाई भागलपूरहून पाटण्यास निघाली होती. किऊल स्टेशनवर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून ती रुळांवर पडली. सोबत फक्त मोलकरीण. हमाल उचलायला धावले, तर परपुरुषाचा हात लागू नये म्हणून मोलकरणीनेच त्यांना अडविले. तिच्या एकटीच्याने बाई उचलली जाईना. गाडी सुटली आणि शेकडो लोकांच्या देखत ती बाई चिरडली गेली. जीव वाचविणे हे आपल्या दीनमध्ये केवढे मोठे पुण्य! आणि रूढीने त्याचाच विसर पाडला.

संघटना आणि मताचा हक्क

१९१६ साली रुकैयांनी ‘अंजुमने ख्वातीने इस्लाम’ ही स्त्रियांची संस्था स्थापन केली. गरीब वस्त्यांतील बायकांना अक्षरओळख, विधवांना मदत, अनाथ मुलींना आधार, हातांना हुन्नर, अशी कामे या संस्थेने केली. सुरुवातीला सभेसाठी बायका घराबाहेर पडतच ना. पण हळूहळू त्या जमू लागल्या, आपले प्रश्न बोलू लागल्या. राजकारणाची पहिली पायरी हीच नाही का?

याच काळात स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न देशापुढे आला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने हा निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोपविला. आपल्या मुंबई इलाख्याने आणि मद्रासने १९२१ सालीच स्त्रियांना मत दिले. बंगालच्या कौन्सिलने मात्र त्याच वर्षी ठराव फेटाळला. तेथील हिंदू आणि मुस्लिम स्त्रियांनी चळवळ चालू ठेवली, आणि १९२५ साली तो हक्क मिळाला. तोही मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मूठभरांनाच. पुढच्याच वर्षी, १९२६ साली, कलकत्त्यास भरलेल्या बंगाल महिला शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदी रुकैया होत्या. इल्म मिळविणे ही स्त्री-पुरुष दोघांवर फर्ज आहे, हे त्यांनी तेथे समाजाला बजावून सांगितले.

१९३१ साली त्यांची शाळा हायस्कूल झाली. पाच मुलींपासून सुरू झालेले काम मॅट्रिकपर्यंत पोहोचले. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. कलकत्त्याजवळ सोदपूर येथे त्यांना दफन करण्यात आले. त्यांचा शेवटचा, अपुरा राहिलेला लेख स्त्रियांच्या हक्कांवर होता. त्यांची शाळा आजही कोलकात्यात चालू आहे, आणि बांगलादेशात ९ डिसेंबर हा ‘रोकेया दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या देशाने १९७२ च्या संविधानात संसदेत स्त्रियांसाठी १५ जागा राखून ठेवल्या आणि पुढे दोन स्त्रिया तेथे पंतप्रधान झाल्या. जेथे मुलीला बंगाली वाचू देत नव्हते, त्या मुलखाची ही वाटचाल आहे.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपल्या महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा वारसा याहून जुना आहे. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुलींना शिकविले आणि त्यांच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमा हे नाव आपुलकीने येते. आज आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या मुलीबाळी, लेकी-सुना तेथे निवडून येतात. पण ज्या बाईला सभेचा ठराव वाचता येत नाही, तिच्या खुर्चीवरून दुसराच कोणी कारभार करतो, हे आपण पाहतोच. कायद्याने खुर्ची दिली तरी ती चालविण्याची ताकद शाळाच देऊ शकते.

म्हणून पालकहो, शाळा लांब असेल तर सोबत शोधा, चार घरांनी मिळून वाहन ठरवा, शाळेशी बोला. पण नाव काढून आणू नका. बसच्या पडद्याबद्दल पत्र लिहिणारे पालक मुलींचे शत्रू नव्हते, त्यांनाही मुलींची काळजीच होती. फक्त त्या काळजीत मुलींचा श्वास कोंडतो आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. आपल्या ध्यानी ते यावे.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हाला रात्री मेणबत्ती लपवून शिकावे लागत नाही, ही अल्लाची मोठी मेहेरबानी आहे. तिचा शुक्र अभ्यासाने अदा करा. घरात आई किंवा आजी निरक्षर असेल तर तिला रोज चार अक्षरे शिकवा. बेगम रुकैयांना वाहिलेली तीच खरी आदरांजली ठरेल.