गर्दीला आडव्या गेलेल्या सावित्रीबाई

ऑगस्ट २०१६ ची गोष्ट. कोपर्डीच्या घटनेला महिना उलटून गेला होता आणि उस्मानाबादला (आताचं धाराशिव) मूक मोर्चा निघणार होता. आमच्या तेरहून जीपा भरून माणसं निघाली. आमच्या गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी एका जीपमध्ये कशाबशा मावलो. लग्न, बारसं आणि गोरोबाकाकांची यात्रा सोडली तर बहुतेकींनी गर्दीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मोर्चात घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, सगळ्यात पुढे शाळा-कॉलेजच्या मुली. मोर्चाच्या मागण्या आणखीही होत्या, पण आम्ही बायका निघालो होतो त्या एका शाळकरी लेकरासाठी. चालताना डोळे भरून येत होते.

परतीच्या जीपमध्ये मात्र वेगळंच झालं. आधी सगळ्या गप्प होत्या. मग एकीने विषय काढला, आता मुलींना अंधार पडल्यावर बाहेर सोडायचंच नाही. दुसरी म्हणाली, दहावी झाली की उजवून टाकावं, जिवाला घोर नको. तिसरीने तर कुठल्याशा नात्यातल्या मुलीचं नाव घेऊन तिच्या कपड्यांवर बोट ठेवलं. अहो, सकाळी आपण कशासाठी चाललो होतो? आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना काही बोलले नाही. मान हलवत बसले.

त्या रात्री मला सावित्रीबाई फुले आठवल्या. बी.ए.ला असताना त्यांच्याविषयी वाचलं होतं, पण परीक्षेपुरतं. सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, अंगावर फेकलेलं शेण आठवतं, पिशवीतलं जादा लुगडं आठवतं. तीन जानेवारीला आपण फोटोला हार घालतो. पण त्यांनी आयुष्यात आणखी एक काम केलं, ते शाळेइतकंच अवघड होतं. त्याविषयी आपण फारसं बोलत नाही. विषयच तसा आहे ना, चारचौघीत न काढण्याचा!

३ जानेवारी १८३१ ला सातारा जिल्ह्यात, खंडाळ्याजवळच्या नायगावात त्या जन्मल्या. खंडोजी नेवसे पाटलांची ही लेक. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. सासरी आल्यावर नवऱ्याकडून शिकल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वय वर्षं सतरा. या कामापायी सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. हा भाग तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते.

पुण्यात त्यांचे एक स्नेही होते, गोवंडे. त्यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याची नजर तिच्यावर पडली. तिने सुरुवातीला दाद दिली नाही, पण शेवटी ती त्याच्या जाळ्यात सापडली. दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय झाले, ते साधले नाहीत. मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्या बाळाचा जीव घेऊन त्याला विहिरीत टाकलं. प्रेत सापडलं, खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. शास्त्री? त्याला कुणी हात लावला नाही.

अशा वेळी आपण काय करतो? हळहळतो. पुणंही हळहळलं असेल. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मात्र १८६३ मध्ये आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवेला दिवस गेले असतील तर तिने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर इथेच ठेवून जावं. तशा जाहिराती त्यांनी ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. ज्या वस्तीतून शेणाचे गोळे येत होते, त्याच वस्तीत बरं का!

घर उघडलं एवढं एका ओळीत लिहून होतं. पण मैत्रिणींनो, घरात बाळंतीण असली की काय काय लागतं ते आपल्याशिवाय कोण जाणतं? रात्री-अपरात्रीचं गरम पाणी, शेक, पथ्याचं जेवण, धुणं, रडणारं पोर. त्यातून ही बाळंतीण तोंड लपवून आलेली, मनाने मोडलेली. तिच्याजवळ बसायचं, काही विचारायचं नाही. हे सगळं सावित्रीबाईंच्या अंगावर होतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. १८८४ पर्यंत अशा ३५ जणी त्या घरात बाळंत झाल्या. त्यांची पाचच मुलं वाचली होती. बाकीच्यांना पोटात असतानाच औषधांनी इजा झाली होती, आया इथे पोचण्याआधी काय काय घेऊन बसलेल्या असत. ही माहिती जोतिरावांनीच लिहून ठेवली आहे. तो आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

याच घरात १८७४ च्या सुमारास एका विधवेला मुलगा झाला. त्याला दोघांनी दत्तक घेतलं, नाव ठेवलं यशवंत. पुढे त्याला डॉक्टर केलं.

दुसरा प्रसंग नायगावचा आहे. तो मला जीपमधल्या त्या संध्याकाळपासून जास्तच आठवतो. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिलं, त्यात तो सांगितला आहे. गणेश नावाचा एक तरुण ब्राह्मण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. गावातल्या सारजा नावाच्या महार मुलीवर त्याचं प्रेम जडलं. तिला सहावा महिना लागला आणि बभ्रा झाला. गावातल्या लोकांनी दोघांना धरलं, मारत मारत गावातून त्यांची धिंड काढली आणि जिवे मारायला निघाले. इथे कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नव्हती, दोघांच्या मर्जीची गोष्ट होती. पण गावाच्या लेखी अब्रू गेली होती आणि ती त्या पोरीच्या रक्तानेच धुवायची होती.

सावित्रीबाईंना कळलं तशा त्या धावत गेल्या आणि त्या जमावापुढे उभ्या राहिल्या. बरोबर पोलीस नाही, जोतिराव नाहीत. जीव घ्याल तर इंग्रजी कायदा तुम्हाला सोडणार नाही, असं बजावून त्यांनी लोकांना भानावर आणलं. गावाने अट घातली, दोघांनी गाव सोडून जायचं. सावित्रीबाईंनी ते मान्य केलं, दोघांचे जीव वाचवले आणि त्यांना जोतिरावांकडे पाठवून दिलं. भांडत बसल्या नाहीत. आधी जीव, बाकीचं नंतर!

धिंडीतही माणसं रस्त्याने चालतात आणि मोर्चातही चालतात. कोपर्डीसाठी आम्ही चाललो, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित घरातल्या मायलेकींसह चौघांना ठार मारलं, तेव्हाही राज्यभर मोर्चे निघाले होते. त्यात आमच्या गल्लीतलं कोणी नव्हतं. मीही नव्हते. बातमी वाचली, चहाचं आधण ठेवलं. सावित्रीबाईंनी सारजाची जात पाहिली नाही आणि दारात आलेल्या ब्राह्मण विधवेचीही नाही. माळ्याच्या घरची ही बाई, तिला दोन्हीकडून बोलणी खावी लागली असतील.

विधवांच्या केशवपनाविरुद्धही सत्यशोधक मंडळी उभी राहिली. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलाला हक्क नाही म्हणून. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं आपल्या हातात घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. अग्नीही त्यांनीच दिला. आमच्या कुंभारकाकांच्या तेरात मडक्याचं नवल कोणाला? पण ते टिटवं हातात धरून पुढे चाललेली बाई मी अजून पाहिलेली नाही. आमच्याकडे बायका आजही वेशीपासूनच माघारी फिरतात.

नवरा गेल्यावर त्या घरात बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी सांभाळलं, १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मग पुण्यात प्लेग आला. यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला आणि सहासष्टीच्या या बाई आजाऱ्यांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याचा एक लहान मुलगा प्लेगने तापला होता, त्याला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातून त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.