मोटरसायकलचं इंजिन मागं बसवून बाप-लेकानं गाडी बनवली आणि फॉर्म्युला वनचं गणितच उलटं झालं

रस्त्यावर मिनी कूपर दिसली की मान आपोआप वळते. गाडीचा आकार बघून मिनी नाव कळतं, पण हे कूपर काय प्रकरण आहे?

कूपर हे एका माणसाचं आडनाव. जॉन कूपर. लंडनच्या नैर्ऋत्येला सर्बिटन नावाचं उपनगर आहे, तिथं त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं. याच गॅरेजमध्ये १९४६ साली बाप-लेकानं फियाटचे जुने सुटे भाग आणि मोटरसायकलचं इंजिन जोडून एक चिमुकली रेसिंग कार बनवली. पुढच्या १५ वर्षांत फेरारीसकट फॉर्म्युला वनमधल्या सगळ्या टीमना आपल्या गाड्यांचं इंजिन पुढून काढून मागं न्यावं लागलं, त्याची सुरुवात या गाडीपासून झाली.

आणि हे सगळं झालं एका साध्या चेनमुळं.

जॉनचा जन्म १७ जुलै १९२३ चा. त्याचे वडील चार्ल्स कूपर म्हणजे हाडाचा मेकॅनिक. के डॉन हा त्या काळातला ब्रिटनमधला नावाजलेला रेसर, त्याच्या गाड्यांची देखभाल चार्ल्सनं केली होती. त्यामुळं जॉनचं बालपण पान्यांच्या आणि ऑइलच्या डब्यांच्या संगतीतच गेलं. पोरगं बारा-तेरा वर्षांचं असताना, १९३६ च्या सुमारास, बापानं ऑस्टिन सेव्हन या छोट्या कारवर आधारलेली एक खास हलकी गाडी त्याच्यासाठी तयार केली.

जॉनचं शाळेत फार मन रमलं नाही. पंधराव्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि टूलमेकरच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाईदलात उपकरणं दुरुस्त करायच्या कामाला लागला. युद्ध संपलं आणि गडी परत बापाच्या गॅरेजमध्ये हजर झाला.

तेव्हाचं ब्रिटन म्हणजे सगळ्याचीच टंचाई. पेट्रोल रेशनवर, लोखंड मिळायची मारामार. रेसिंग हा श्रीमंतांचाच खेळ होता आणि आता तर त्यांनाही तो परवडेना. यावर ब्रिस्टलमधल्या काही रेसिंगवेड्या लोकांनी तोडगा काढला. ५०० सीसीपर्यंतचं मोटरसायकलचं इंजिन लावायचं, गाडी घरच्या घरी बनवायची आणि कमी पैशात रेस करायची. आपल्याकडच्या बुलेट ५०० चं इंजिन जेवढ्या सीसीचं असायचं, तेवढ्यात चार चाकांची रेसिंग कार पळवायची.

जॉननं हे ऐकलं आणि त्यानं उचल खाल्ली. सोबत त्याचा मित्र एरिक ब्रँडन होता आणि पाठीशी बाप.

नवीन सामान मिळायचा प्रश्नच नव्हता, मग जुन्यातून जुळवाजुळव सुरू झाली. फियाटची टोपोलिनो नावाची एक छोटी कार होती. तिच्या पुढच्या चाकांचं सस्पेन्शन चांगलं होतं. आडवे बसवलेले पाटे आणि दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणारी. बाप-लेकानं विचार केला, पुढं चांगलं चालतंय तर मागंही तेच लावू. त्यांनी दोन टोपोलिनोंचे पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडून टाकले. झाली चासी तयार.

इंजिन आणलं जे. ए. पी. कंपनीचं. एका सिलिंडरचं, ५०० सीसीचं. मातीच्या ट्रॅकवरच्या स्पीडवे मोटरसायकलींना हे इंजिन लावायचे. गिअरबॉक्स ट्रायम्फ मोटरसायकलचा.

आता प्रश्न आला, इंजिन ठेवायचं कुठं?

त्या काळातल्या जवळपास सगळ्या रेसिंग कारमध्ये इंजिन पुढं असायचं, ड्रायव्हर मागं, आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला ड्रायव्हरच्या खालून एक लांब शाफ्ट जायचा. पण मोटरसायकलच्या इंजिनला शाफ्ट कुठला? तिथं असते चेन. इंजिन पुढं ठेवलं तर ही चेन ड्रायव्हरच्या बुडाखालून पार मागच्या एक्सलपर्यंत न्यावी लागणार. इंजिन ड्रायव्हरच्या मागं ठेवलं तर काम सोपं. मोटरसायकलला असते तशीच आखूड चेन आणि थेट मागच्या एक्सलला जोड.

त्यांनी इंजिन मागं ठेवलं. पुढं जगभर नाव झाल्यावरही जॉन हेच सांगायचा की यामागं कुठलाही मोठा सिद्धांत नव्हता, चेनच्या सोयीसाठी ते तिथं ठेवलं होतं.

साधारण पाच आठवड्यांत गाडी उभी राहिली. आज आपण ज्याला गो-कार्ट म्हणतो, तो प्रकार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पहिली गो-कार्ट आर्ट इंगेल्सनं अमेरिकेत कॅलिफोर्नियात बनवली ती १९५६ साली. कूपरांची गाडी त्याच्या १० वर्षं आधीची. जुलै १९४६ मध्ये प्रेस्कॉट इथल्या घाटरस्त्याच्या शर्यतीत २३ वर्षांच्या जॉननं ती पहिल्यांदा पळवली. मग ब्रँडनसाठी तशीच दुसरी गाडी बनवली. दोघं दोस्त रेस मारायला लागले आणि लोक गॅरेजमध्ये येऊन विचारायला लागले, आम्हाला पण एक बनवून देता का?

इथून कूपर कार कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं कूपर घेतली. त्याचे वडील पेशानं दंतवैद्य, पण स्वतः इंडियानापोलिसला रेस केलेले. मॉस पुढं ब्रिटनचा सगळ्यात गाजलेला रेसर झाला. नंतर फॉर्म्युला वनचा सर्वेसर्वा झालेला बर्नी एकलस्टन हासुद्धा तरुणपणी कूपर ५०० चालवायचा. १९५० मध्ये या ५०० सीसी प्रकाराला फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

चेनच्या सोयीसाठी केलेल्या रचनेचे फायदे आता दिसायला लागले होते. ते समजायला सोपे आहेत. एक काठी घ्या, तिच्या दोन्ही टोकांना वजन बांधा आणि मधे धरून फिरवून बघा. ती पटकन फिरत नाही. तेच वजन मधोमध हाताजवळ बांधा, काठी सहज फिरते. गाडीचंही तसंच. सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. ते टोकाला न ठेवता ड्रायव्हर आणि मागच्या एक्सलच्या मधे आलं की गाडी वळणावर चटकन वळते. शिवाय लांब शाफ्ट नाही, म्हणून वजन कमी. ड्रायव्हरच्या खालून काही जात नाही, म्हणून तो खाली बसतो आणि हवेचा अडथळाही घटतो.

इंजिन मागं ठेवणारे कूपर पहिलेच होते असं नाही. १९३० च्या दशकात जर्मनीच्या ऑटो युनियननं मागच्या इंजिनाच्या दांडग्या रेसिंग कार बनवल्या होत्या. पण त्या आवरणं म्हणजे दिव्य होतं, त्यामुळं युद्धानंतर बाकीच्यांनी तो नाद सोडून दिला होता.

मोठ्या कंपन्यांना सर्बिटनच्या गॅरेजचं विशेष काही वाटत नव्हतं. बैल गाडीच्या पुढं जुंपतात, मागं नाही, अशा अर्थाचं एन्झो फेरारीचं मत होतं असं सांगितलं जातं.

१९ जानेवारी १९५८. अर्जेंटिना ग्रां प्री. रॉब वॉकरच्या खासगी टीमकडून स्टर्लिंग मॉस छोटी कूपर घेऊन उतरला. तिचं इंजिन २ लिटरपेक्षाही थोडं कमी, समोरच्या फेरारी २.४ लिटरच्या. मॉस टायर बदलायला थांबेल, या हिशेबात फेरारीवाले निवांत राहिले. मॉस थांबलाच नाही. टायरचं रबर झिजून आतलं कापड दिसायला लागलं तरी त्यानं गाडी दामटली आणि ३ सेकंदांपेक्षाही कमी फरकानं रेस मारली. जागतिक अजिंक्यपद सुरू झाल्यापासून मागच्या इंजिनाची गाडी पहिल्यांदाच जिंकली होती.

पुढच्या वर्षी कूपरांच्या स्वतःच्या टीमनं कमाल केली. ड्रायव्हर होता ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहम, जो स्वतःही गाडीखाली झोपून पाना फिरवणारा माणूस. इंजिन होतं कोव्हेंट्री क्लायमॅक्सचं, म्हणजे फोर्कलिफ्ट आणि आगीच्या बंबांचे पंप बनवणाऱ्या कंपनीचं. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगला शेवटची रेस झाली. शेवटच्या लॅपला ब्रॅबहमचं पेट्रोल संपलं. पठ्ठ्यानं गाडी ढकलत नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. ती रेस जिंकली कूपरच्याच २२ वर्षांच्या ब्रूस मॅकलारेननं. आज ज्याच्या नावाची टीम फॉर्म्युला वनमध्ये पळते, तोच हा मॅकलारेन. टीम जिंकली की जॉन कूपर ट्रॅकवर कोलांटउडी मारायचा, ती तर त्याची ओळखच झाली होती.

पण गॅरेजच्या आत सगळं आलबेल नव्हतं. चार्ल्स जुन्या वळणाचा. एकेक पौंड मोजून खर्च करणारा, चालतंय त्याला हात कशाला लावायचा म्हणणारा. जॉन बापाइतकाच व्यवहारी, पण स्पर्धेचा वास त्याला आधी यायचा. १९६० च्या सुरुवातीला अर्जेंटिनात रेस कूपरनं जिंकली, पण लोटसची नवी गाडी त्यांच्यापेक्षा वेगवान आहे हे जॉन आणि ब्रॅबहमनं ओळखलं. आता लोटसचं इंजिनही मागं गेलं होतं. परत आल्यावर त्यांनी डिझायनर ओवेन मॅडॉकसोबत जास्त बुटकी, नवीन गाडी करायला घेतली. मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग लावायची म्हटल्यावर चार्ल्सचा विरोध झाला. टोपोलिनोपासून चालत आलेले पाटे होते ते. शेवटी लेकाचं म्हणणं टिकलं. त्या वर्षी ब्रॅबहमनं सलग ५ रेस मारल्या आणि कूपर लागोपाठ दुसऱ्यांदा जगज्जेते झाले.

१९६१ मध्ये ब्रॅबहम कूपर घेऊन अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० ला गेला. तिथल्या ४.२ लिटरच्या धुडांसमोर याचं इंजिन जेमतेम २.७ लिटरचं. तरी तो नववा आला. चारच वर्षांत तिथंही मागच्या इंजिनाची गाडी जिंकली. एन्झो फेरारीनं तर तोवर बैल मागं जुंपले होते.

आणि नेमकी इथंच कूपरांची पीछेहाट सुरू झाली. मागच्या इंजिनाची युक्ती आता सगळ्यांकडं होती. लोटसचा कॉलिन चॅपमन कागदावर गणित मांडून गाडी बनवायचा, कूपरांकडं होता हाताचा अनुभव. १९६२ मध्ये लोटसनं पाइपांची चासी सोडून पत्र्याची एकसंध चासी आणली, कूपर पाइप जोडत राहिले. ज्या काटकसरीनं आणि अंदाजानं त्यांना वर नेलं होतं, तेच आता कमी पडायला लागलं. १९६१ च्या अखेरीस ब्रॅबहम स्वतःची टीम काढायला निघून गेला. १९६२ च्या मोनॅको ग्रां प्रीनंतर बाप-लेकाच्या टीमला फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद सोडा, त्यातली एकही रेस जिंकता आली नाही.

त्याच काळात जॉनच्या डोक्यात दुसरी गाडी होती. १९५९ मध्ये त्याचा मित्र ॲलेक इसिगोनिसनं डिझाइन केलेली मिनी बाजारात आली. इसिगोनिसच्या मते ती सामान्य कुटुंबाची स्वस्त गाडी. जॉननं ती चालवली आणि वळणावरची तिची पकड बघून ओळखलं की हिच्यात रेसर लपलाय. मोठं इंजिन आणि पुढं डिस्क ब्रेक लावून १९६१ मध्ये मिनी कूपर आली. प्रत्येक गाडीमागं जॉनला २ पौंड मिळायचे. या गाडीनं १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. गंमत बघा, इंजिन मागं नेणाऱ्या माणसाचं नाव घराघरात पोहोचलं ते इंजिन पुढं असलेल्या गाडीमुळं.

१९६३ मध्ये पुढं एक आणि मागं एक अशी दोन इंजिनं असलेली मिनी चालवून बघताना जॉनचा भीषण अपघात झाला. तो वाचला, पण सावरायला बराच वेळ गेला. ऑक्टोबर १९६४ मध्ये चार्ल्स कूपर वारला. बाप गेल्यावर काही महिन्यांतच, १९६५ मध्ये, जॉननं रेसिंग टीम विकून टाकली. पुढं तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्समध्ये गेला आणि तिथं गॅरेज चालवायला लागला. बापासारखंच.

२४ डिसेंबर २००० ला, वयाच्या ७७ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर काही महिन्यांतच बीएमडब्ल्यूची नवी मिनी कूपर रस्त्यावर आली.

आज फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या मागं असतं. आणि इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं मोटरसायकलचं इंजिन लावून गो-कार्ट बनवतात, तेव्हा तीही ते मागच्या एक्सलजवळच बसवतात. कारण १९४६ चंच आहे. चेन आखूड राहते.