अरणचे सावता महाराज

सावता महाराज माढा तालुक्यातल्या अरणचे माळी. घरी पत्नी जनाबाई अन् दोन लेकरं. मोट हाणायची, दारं धरायचं, खुरपायचं, मुखात नाम. पंढरी जवळ असून मळा सोडून वारीला गेले नाहीत, असंच आपण कीर्तनात सांगतो. त्यांचे थोडेच अभंग आज आहेत, तेही काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून.

आपल्या नांदेड-लातूरकडं दिंडी निघती ऐन पेरणीत. तिफण धरून मागं राहिलेल्याला वारी चुकवली म्हणणारे आहेत. त्यांनी सावतोबा आठवावेत.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी अरणलाच देह ठेवला. आषाढी झाल्यावर पांडुरंगाचीच पालखी पंढरीहून अरणला जाती, अजूनबी.