गोदावरीबाई परुळेकर

चैत्रात गव्हाची कापणी सुरू झाली की मंडला-डिंडोरीकडचे चैतुआ मजूर मुलाबाळांसह जबलपूरच्या परिसरात उतरतात. काम संपले की मजुरीचे धान्य बांधून ते आपल्या गावी परततात. कष्ट अपार, पण येणेजाणे त्यांच्या स्वतःच्या पायांनी. ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना 1945 पूर्वी एवढेही स्वातंत्र्य नव्हते. ते मिळवण्याच्या लढ्यात त्यांच्यासोबत पुण्याच्या एका वकिलाची कन्या उभी राहिली. वारली तिला गोदूताई म्हणून ओळखू लागले.

गोदावरी लक्ष्मण गोखले यांचा जन्म 14 ऑगस्ट 1907 चा. घर सुखवस्तू आणि नामदार गोखल्यांच्या नात्यातले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या कायद्याकडे वळल्या. कायद्याची पदवी मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. वकिलीचा मार्ग मोकळा असताना त्यांनी सत्याग्रह केला व तुरुंग पाहिला. वडिलांना हे रुचले नाही. मग मुंबईस येऊन त्या भारत सेवक समाजाच्या कार्यात शिरल्या, साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. जबलपूरजवळ त्रिपुरीची काँग्रेस भरली ते 1939 हे वर्ष त्यांच्याही जीवनात निर्णायक ठरले. याच वर्षी शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला आणि उभयतांनी कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली. युद्धविरोधी चळवळीत पुन्हा कारावास आला.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे काही वारली तेथे आले व त्यांनी आपली हकीकत सांगितली. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली. बोलावणे आले की आपले शेत टाकून त्याच्या शेतात फुकट राबायचे, हीच वेठ. लग्नासाठी थोडे कर्ज काढले तर नवरा-बायको दोघेही त्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधले जात. अशा माणसाला ‘लग्नगडी’ हे नाव होते. मंगल शब्दाची इतकी विटंबना भाषेत क्वचितच झाली असेल.

गोदावरीबाई त्या पाड्यांवर गेल्या. त्यांची वाणी पुस्तकी, वारल्यांची बोली वेगळी. शहरी माणूस आला की अंग चोरून घेण्याची त्यांना सवय. झोपडीत मुक्काम, मिळेल ते अन्न आणि मैलोगणती पायपीट, असे करीत विश्वास जमत गेला. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. पैशाची मागणी नंतरची; आधी हा नकार होता. काही आठवड्यांतच गावोगाव वेठ थांबली. जी चाल मोडणे कायद्याला जमले नव्हते, ती निरक्षर माणसांनी मोडली, ही गोष्ट कायद्याच्या या पदवीधर स्त्रीला विशेष जाणवली असेल.

त्यानंतर मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत, ही मागणी घेऊन पावसाळ्यानंतर संप झाला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे, गोदूताई संकटात आहेत अशी अफवा पसरल्याने, हजारो वारली धावून आले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. ज्यांना निर्भय व्हायला शिकवले, ते आपल्या नावाने आले आणि मेले, हे ओझे लहान नव्हते. वारली मात्र पांगले नाहीत. संप चालू राहिला आणि दराची मागणी मान्य करून घेतली गेली. पुढच्या वर्षी जंगलकामगारांचा संप झाला. सभाबंदी, हद्दपारी, अटक हेही ओघाने आले.

स्वातंत्र्यानंतरही तुरुंग सुटला नाही. 1965 मध्ये शामराव बंदिवासातच निवर्तले. गोदावरीबाई पुन्हा त्याच पाड्यांकडे वळल्या. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या ग्रंथास 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी आत्मपर लेखनात लेखिकेने स्वतःला इतके मागे ठेवून सोबतच्या माणसांना पुढे आणल्याची उदाहरणे थोडीच. त्यांची काही मते आज सर्वांना पटतील असे नाही. त्या ग्रंथातील वारल्यांची माणसे मात्र वाचकाला सोडत नाहीत. अखिल भारतीय किसान सभेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

8 ऑक्टोबर 1996 रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी तलवाड्याच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन होता. आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि लग्नगड्यांची नातवंडे तेथे हजेरीपटावर आहेत.