जॉन अ‍ॅडम्स : लोकक्षोभांतील एक न्यायनिष्ठ वकील

ज्याच्यावर सारें गांव रागावलें आहे, त्याचा कैवार घेणें सोपें नसतें. आणि तें गांव आपलेंच असलें, तर तें अधिकच कठीण होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दुसरा अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स याच्यावर तरुणपणीं असा प्रसंग आला होता. त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

अ‍ॅडम्सचा जन्म १७३५ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रेनट्री गांवीं झाला. बाप शेतकरी असून मंडळीचा डीकन होता. १७५५ सालीं हार्वर्ड येथील शिक्षण संपवून अ‍ॅडम्सनें कांहीं काळ वूस्टर येथें शिक्षकाचें काम केलें व १७५८ सालीं तो वकील झाला.

त्या वेळीं हा प्रांत इंग्रजांच्या अमलाखालीं होता. नव्या करांमुळें बोस्टन शहरांत असंतोष माजला होता व तेथें इंग्रजी फौज आणून ठेविली होती. ता. ५ मार्च १७७० च्या रात्रीं एका पहारेकऱ्याभोंवतीं जमाव जमून बर्फाचे गोळे व लांकडें फेंकूं लागला. मदतीस आलेल्या शिपायांनीं गोळ्या झाडल्या व पांच माणसें प्राणास मुकलीं. कॅप्टन प्रेस्टन व आठ शिपाई यांस कैद झाली. लोकक्षोभामुळें त्यांस वकील मिळेना. अ‍ॅडम्स स्वतः त्या करांचा विरोधक. तरी कोणीहि आरोपी वकिलावांचून राहूं नये, म्हणून त्यानें जोसाया क्विन्सी या तरुण वकिलासह तें काम पत्करलें.

खटले शरदृतूपर्यंत लांबले व लोकांचा संताप कांहींसा निवळला. कॅप्टननें गोळीबाराचा हुकूम दिल्याचें सिद्ध न झाल्यामुळें तो सुटला. शिपायांच्या खटल्यांत बोस्टनबाहेरचे पंच निवडले गेले. जखमांनीं मेलेल्या पॅट्रिक कार यानें, शिपायांनीं स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या असें मरणापूर्वीं डॉक्टरास सांगितलें होतें. तेंहि कोर्टापुढें आलें. सहा शिपाई सुटले. दोघांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत होऊन त्यांच्या आंगठ्यांवर डाग देण्यांत आले. जमावांतील काळ्या व आयरिश लोकांविषयीं अ‍ॅडम्सनें भाषणांत तुच्छतेचे शब्द वापरले, हें मात्र आम्हांस रुचत नाहीं.

बोस्टनकरांनीं त्याला टाकलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं त्याला प्रांतिक विधिमंडळावर निवडून दिलें. १७७६ सालीं त्यानें स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. १७८० सालच्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेंत, राज्य व्यक्तींचें नसून कायद्याचें असावें, हें तत्त्व त्यानें घातलें. १७९७ ते १८०१ पर्यंत तो अध्यक्ष होता. ता. ४ जुलै १८२६ रोजीं, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षदिनीं, तो निवर्तला.

पिलातानें समुदायाच्या ओरडण्याला भिऊन निर्दोष ख्रिस्तास वधस्तंभाकडे पाठविलें व आपले हात धुतले. बोस्टनच्या लोकांचा शोक खरा होता. परंतु शोक म्हणजे पुरावा नव्हे. वर्गांत एखादी वस्तु हरवली म्हणजे सर्वांचीं बोटें नावडत्या मुलाकडे वळतात. अशा वेळीं त्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्या, असें सांगावयास उठणारा एक तरी विद्यार्थी आमच्या शाळेच्या प्रत्येक वर्गांत असावा, अशी आमची इच्छा आहे.