प्रा. चार्ल्स बिअर्ड : कोलंबिया विद्यापीठातील एक ताठ कण्याचा शिक्षक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या घराघरांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. तेथे जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन असे थोर गुरू त्यांना लाभले. पुढे १९३० साली बाबासाहेबांनी या चौघांची नावे कृतज्ञतेने घेतली होती. त्याच विद्यापीठात, त्याच काळात आणखी एक प्राध्यापक राज्यशास्त्र शिकवीत होते. रॉबिन्सन यांचे ते जवळचे स्नेही आणि सहलेखक. त्यांचे नाव चार्ल्स ऑस्टिन बिअर्ड. राज्यशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विषयांत त्यांनी मोठे नाव कमावले. आणि ऐन उमेदीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी चालून आलेल्या वैभवावर पाणी सोडून प्राध्यापकीचा राजीनामा दिला. तो कशासाठी दिला, हे आपल्या विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

बिअर्ड यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, नाइट्सटाउन या लहानशा गावाजवळच्या शेतावर झाला. घर खाऊनपिऊन सुखी. शाळा संपल्यावर त्यांनी आणि त्यांच्या भावाने काही काळ गावातले छोटे वर्तमानपत्र चालवले. त्यानंतर डीपॉव विद्यापीठातून १८९८ साली ते पदवीधर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी शिकागो शहर पाहिले. तेथील कारखाने, दाटीवाटीच्या वस्त्या आणि परदेशातून पोटासाठी आलेल्या कामगारांचे हाल पाहून शेतकऱ्याचा हा मुलगा हादरून गेला. देश एवढा श्रीमंत, मग ही माणसं अशी का जगतात, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला.

पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला ऑक्सफर्ड येथे गेले. तेथे श्रीमंतांच्या मुलांत रमण्याऐवजी त्यांनी एक वेगळाच उद्योग आरंभला. वॉल्टर व्रूमन या आपल्या देशबांधवाबरोबर १८९९ साली त्यांनी रस्किन हॉल ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. ही शाळा कामगारांसाठी होती. ज्यांना विद्यापीठाचा दरवाजा कधी उघडला नसता, अशा गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांना तेथे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभार शिकवला जाई. बिअर्ड स्वतः औद्योगिक शहरांतून फिरून कामगारांपुढे व्याख्याने देत. त्या व्याख्यानांच्या ओघात औद्योगिक क्रांतीवरचे त्यांचे पहिले छोटेखानी पुस्तक १९०१ साली निघाले. मधल्या काळात, १९०० साली, कॉलेजातील सहाध्यायी मेरी रिटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरीबाई पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या आणि स्वतः नामांकित इतिहासकार झाल्या. पती-पत्नी दोघांनी मिळून पुस्तके लिहिली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९०२ साली हे जोडपे अमेरिकेत परतले. बिअर्ड यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९०४ साली इंग्लंडमधील जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावोगावच्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याच्या पदावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी तेथे ते इतिहास शिकवू लागले. १९०७ पासून ते राज्यशास्त्राकडे वळले आणि पायरी पायरीने चढत १९१५ साली पूर्ण प्राध्यापक झाले. रॉबिन्सन यांच्यासोबत आधुनिक युरोपच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले दोन खंड आणि १९१० साली लिहिलेले अमेरिकन शासनसंस्थेवरचे पाठ्यपुस्तक कॉलेजाकॉलेजांतून लागले. त्यांच्या वर्गाला मुलांची गर्दी होई. कायद्याचे कलम नुसते पाठ करून भागत नाही. ते कुणी केले, कधी केले आणि त्यात कुणाचा फायदा होता हे पाहावे लागते, अशी त्यांच्या शिकवण्याची रीत होती.

हीच रीत त्यांनी १९१३ साली थेट अमेरिकेच्या राज्यघटनेला लावली. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले ते हेच वर्ष. घटनेचा आर्थिक अन्वयार्थ लावणारे त्यांचे पुस्तक बाहेर पडले आणि एकच खळबळ उडाली. अमेरिकन माणूस आपल्या घटनाकारांना जवळजवळ देवासमान मानत असे. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेले ५५ प्रतिनिधी म्हणजे निःस्वार्थी ऋषिमुनी, अशीच शाळेत शिकवण होती. बिअर्ड यांनी काय केले, तर वॉशिंग्टनमध्ये सरकारी खजिन्याची जुनी, धूळ खात पडलेली दफ्तरे काढली. या प्रतिनिधींपैकी कुणाकडे सरकारी कर्जरोखे होते, कुणाचा पैसा व्यापारात, कारखान्यांत, जहाजांत, जमिनीच्या सट्ट्यात गुंतला होता, याची माणसागणिक नोंद त्यांनी मांडली. घटना मंजूर व्हावी म्हणून झटणाऱ्यांत रोकड आणि रोखेवाल्यांचा भरणा होता, कर्जात बुडालेला लहान शेतकरी बहुतांशी विरोधात होता, आणि स्त्रिया, गुलाम व निर्धन माणसं यांना तर त्यात मतच नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्यासारख्या बड्या मंडळींना हे पुस्तक मुळीच रुचले नाही. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. पण मुलांनी ते वाचले आणि पुढची तीस-चाळीस वर्षे अमेरिकेत घटनेचा अभ्यास या पुस्तकाला वळसा घालून करता आला नाही. खरे सांगायचे तर १९५० नंतर रॉबर्ट ब्राऊन आणि फॉरेस्ट मॅकडोनल्ड या अभ्यासकांनी बिअर्ड यांच्या आकडेवारीतील उणिवा दाखवल्या आणि त्यांचा सिद्धांत त्या मूळ रूपात टिकला नाही. तरीही घटनेच्या मागे हाडामांसाची, हितसंबंधांची माणसे असतात, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आजही अभ्यासकांना सोडत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले आणि अमेरिकेतही वातावरण तापले. १९१६ साली एका सभेत कुणी वक्त्याने राष्ट्रध्वजाबद्दल अपशब्द काढले. बिअर्ड यांनी एवढेच मत दिले होते की अशा सभांतून बोलण्याची मोकळीक बंद करू नये. वर्तमानपत्रात मात्र त्यांनी त्या अपशब्दांनाच पाठिंबा दिला, असे छापून आले. झाले! विद्यापीठाच्या विश्वस्तांनी त्यांना समितीपुढे बोलावले. ध्वजाबाबत खुलासा पटला, तरी तेवढ्यावर प्रकरण थांबले नाही. वर्गात काय शिकवता, काय मते मांडता, याची उलटतपासणी सुरू झाली. अमेरिकन संस्थांबद्दल अनादर निर्माण करणारे शिक्षण खपवून घेतले जाणार नाही, हे आपल्या विभागातील सहकाऱ्यांना सांगा, अशी ताकीद त्यांना मिळाली. हा अपमान बिअर्ड यांनी गिळला. पण मनात ती गोष्ट सलत राहिली.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. जूनमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी जाहीरच केले की शांततेच्या काळात चालवून घेतलेली मतभिन्नता यापुढे चालणार नाही. आणि १ ऑक्टोबर १९१७ रोजी विश्वस्तांनी दोन शिक्षकांना काढून टाकले. एक मानसशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक जेम्स मकीन कॅटेल. सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या इच्छेविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नये, अशी पत्रे त्यांनी लोकप्रतिनिधींना लिहिली होती. दुसरे साहित्याचे तरुण शिक्षक हेन्री डाना, ते शांतता चळवळीत काम करीत होते.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. जर्मनीच्या लष्करशाहीचा पाडाव व्हावा, असे त्यांचे स्पष्ट मत होते आणि ते त्यांनी लपवले नव्हते. म्हणजे कॅटेल आणि डाना यांचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. गप्प बसले असते तर त्यांना कुणी बोट लावले नसते. पगार चालू राहिला असता, मान वाढला असता. घरी बायको आणि दोन लेकरं होती. पण ८ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांनी राजीनामा लिहिला आणि वर्गातील मुलांना ती बातमी सांगितली. त्यांची भूमिका साधी होती. मी युद्धाच्या बाजूने बोलतो ते माझ्या मनाने बोलतो, हे लोकांना पटले पाहिजे. विरोधात बोलणाऱ्याची नोकरी जात असेल, तर बाजूने बोलणारा भाडोत्री ठरतो आणि त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही. मूठभर विश्वस्तांच्या मर्जीवर शिक्षकाची भाकरी अवलंबून राहिली, तर तो शिक्षक राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यूयॉर्क टाइम्ससारख्या मोठ्या वर्तमानपत्राने अग्रलेख लिहून, बरे झाले, विद्यापीठाची सुटका झाली, असा सूर लावला. सहकाऱ्यांत हळहळणारे पुष्कळ होते, मात्र नोकरी सोडून बाहेर पडणारे फारच थोडे निघाले. प्रत्येकाच्या मागे प्रपंच असतो. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यामुळेच बिअर्ड यांचे मोल अधिक कळते.

त्यानंतर कायमची प्राध्यापकी त्यांनी पुन्हा स्वीकारली नाही. कनेक्टिकट राज्यात न्यू मिलफर्ड येथे त्यांनी घर केले, दुभत्या गाईंची शेती केली आणि पुस्तकांच्या उत्पन्नावर संसार चालवला. पण विद्येचे काम सुटले नाही. १९१९ साली रॉबिन्सन, ड्युई, थॉर्स्टीन वेब्लेन आदी विद्वानांसह न्यूयॉर्कमध्ये न्यू स्कूल ही संस्था सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. प्रौढ माणसांनी पदवीच्या कागदासाठी नव्हे तर ज्ञानासाठी यावे, अशी त्या शाळेची सुरुवात होती. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या प्राध्यापकांना याच संस्थेने आसरा दिला.

न्यूयॉर्कच्या नगर संशोधन संस्थेतही त्यांनी काम केले. १९२२ साली टोकियोचे महापौर गोतो शिम्पेई यांनी त्यांना शहराच्या कारभाराचा अभ्यास करण्यासाठी जपानला बोलावले. १ सप्टेंबर १९२३ च्या भीषण भूकंपानंतर ते पुन्हा तेथे गेले. नव्या रस्त्यांची आखणी आधी करा, मगच घरे बांधू द्या, असा त्यांचा सल्ला होता. तो सगळा अमलात आला नाही.

नोकरी नसली तरी मान कमी झाला नाही. १९२६ साली अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेचे आणि १९३३ साली अमेरिकन इतिहास परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दोन्ही विषयांतला हा सर्वोच्च मान एकाच माणसाला मिळणे ही दुर्मिळ गोष्ट. १९२७ साली मेरीबाईंसह लिहिलेला अमेरिकन संस्कृतीचा इतिहास सामान्य वाचकांच्या घरोघरी गेला.

शेवटची वर्षे मात्र कडवट गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये, असे ते म्हणत राहिले. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर टीकेचा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि जुने मित्र दुरावले. त्यांचे हे निष्कर्ष अनेक इतिहासकारांना मान्य झाले नाहीत, आणि टीका करणाऱ्यांचे म्हणणे बिनबुडाचे होते असेही नाही. १ सप्टेंबर १९४८ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी १९४४ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. ज्या दारातून ते सत्तावीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, तेच दार त्यांच्यासाठी मानाने उघडले. याच विद्यापीठाने १९५२ साली बाबासाहेबांनाही सन्मानाची पदवी अर्पण केली.

बिअर्ड यांची काही मते चुकली असतील, काही काळाबरोबर मागे पडली. पण आपल्याला न पटणारे बोलणाऱ्या दोन माणसांसाठी त्यांनी स्वतःची भाकर पणाला लावली, ती गोष्ट मागे पडलेली नाही. आपली पोरं आज कॉलेजात जातात, काही जण शिक्षक आणि प्राध्यापकही झाले आहेत. आपल्या बाजूच्या माणसासाठी आपण सगळेच उभे राहतो. समोरच्या बाजूच्या माणसाचे तोंड कुणी दाबू लागले, तर आपण काय करू, याचा विचार प्रत्येकाने एकदा शांतपणे करावा, एवढीच नम्र विनंती.